फॉस्फरस-सल्फर बॉन्ड: प्रकल्प नोंदी

३ जून

विषय एकदाचा पक्का झाला. अर्जात नाव लिहिलं होतं "सेंद्रिय रेणूंमध्ये फॉस्फरस-सल्फर बॉन्ड बनवायच्या पद्धती", दिसायला भारदस्त, पण मॅडमनी पहिल्याच मीटिंगला त्याला कात्री लावली आणि बरंच झालं. या दोन अणूंच्या जोडीचा पसारा केवढा आहे बघा, इंजिन ऑइलमधलं झिंक डायथायोफॉस्फेट, खनिजाच्या कणांना चिकटून त्यांना फेसावर आणणारी रसायनं, कीटकनाशकं, क्वांटम डॉट बनवताना लागणारं ट्रायऑक्टिलफॉस्फिन सल्फाइड, आणि आता जनुकांवर काम करणारी औषधं. हे सगळं एका प्रोजेक्टमध्ये कोंबायला गेलं की हातात काहीच लागत नाही.

फॉस्फरस-सल्फर-कार्बन अशी एकेरी साखळी असलेले एस्टर पूर्ण बाहेर ठेवलेत. त्यातले काही रेणू थेट रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या यादीत बसतात, करार १९९७ पासून लागू आहे, आणि यादीत नसलेले त्यांचे भाऊबंदही मज्जातंतूंना लागणाऱ्या अॅसिटिलकोलिनएस्टरेज एन्झाइमवर जाऊन बसू शकतात, त्यामुळे शिकाऊ हातांनी त्या वाटेला जायचंच नाही असं ठरलं. मला हे पटलं. उरतं काय तर दुहेरी, पी=एस. त्यातही दोनच घरं, फॉस्फिन सल्फाइड (फॉस्फिन म्हणजे तीन कार्बन गट लागलेला फॉस्फरस, त्यावर सल्फर) आणि फॉस्फोरोथायोएट डीएनए (ज्याच्या कण्यात सल्फर बसवलाय).

वाटा साधारण तीन. तीन बॉन्डवाल्या फॉस्फरसला थेट गंधक द्यायचं, नाहीतर आधीच्या पी=ओ मधला ऑक्सिजन काढून तिथे सल्फर बसवायचा, नाहीतर सल्फर हातात आयता घेऊन येणारा एखादा रिएजंट वापरायचा.

५ जून

आज नुसतं वाचन. गंधक म्हणजे बाटलीतली पिवळी पूड, पण रेणू बघितला तर आठ अणूंचं मुकुटासारखं रिंग, एस८. फॉस्फिन यातला एक सल्फर कसा काय उचलतं, हा प्रश्न बार्टलेट आणि मेग्युरियन यांनी १९५६ मध्ये वेगाची मोजमापं करून सोडवला. फॉस्फिनची इलेक्ट्रॉनची जोडी रिंगमधल्या एका सल्फरवर हल्ला करते, रिंग तुटतं, लांब शेपूट तयार होतं ज्याच्या एका टोकाला धन फॉस्फोनियम आणि दुसऱ्या टोकाला ऋण सल्फर, मग दुसरं फॉस्फिन येऊन त्या शेपटीचा तुकडा तोडतं, तिसरं येतं, असं करत आठही सल्फर वाटले जातात. हळू पायरी फक्त पहिली, रिंग उघडायची. एकदा उघडलं की बाकीचं पटापट.

या एका गोष्टीतून बरंच काही उलगडतं. मधल्या टप्प्यावर धन-ऋण भार तयार होतात म्हणून ध्रुवीय सॉल्व्हंटमध्ये वेग वाढतो. फॉस्फिन जितकं इलेक्ट्रॉनने श्रीमंत तितका हल्ला जोरात. आणि अमाइन टाकलं की गोष्टी का पळतात तेही कळतं, अमाइन रिंग उघडून पॉलिसल्फाइड तयार ठेवतं म्हणजे हळू पायरी दुसऱ्याच कुणीतरी उरकून दिलेली असते.

१० जून

पहिली रिअॅक्शन मुद्दाम सगळ्यात सोपी घेतली, ट्रायफिनाइलफॉस्फिन आणि गंधक, टॉल्युइनमध्ये. २.६२ ग्रॅम फॉस्फिन म्हणजे १० मिलिमोल, गंधक ०.३२ ग्रॅम म्हणजे सल्फर अणू मोजले तर तेही १० मिलिमोल. इथे लोक हमखास अडखळतात, एस८ चा रेणुभार २५६ धरून हिशोब केला की आठपट गंधक पडतं, म्हणून ज्युनिअरला आधीच सांगून ठेवलं की इथे अणू मोजायचे.

गंधक थंड टॉल्युइनमध्ये फारसं विरघळत नाही, तळाला पिवळे कण फिरत राहतात. साधारण ६० डिग्रीला नेलं आणि बघत बसलो, कण लहान होत होत गेले, कारण विरघळलेलं गंधक फॉस्फिन खातं आणि मग तळातलं आणखी वर येतं. सगळं स्वच्छ झालं की रिअॅक्शन संपत आली असं समजायला हरकत नाही, पण डोळ्यावर भरवसा न ठेवता सॅम्पल एनएमआरला दिलं, म्हणजे चुंबकात ठेवून रेडिओ लहरींनी अणूंची ओळख पटवणाऱ्या मशीनला.

फॉस्फरस एनएमआर म्हणजे या कामात देवाने दिलेली सोय आहे. निसर्गातला सगळा फॉस्फरस ३१ वजनाचाच, स्पिन अर्धा, म्हणजे एका अणूला एक पीक. ८५ टक्के फॉस्फोरिक अॅसिड शून्यावर धरलं तर ट्रायफिनाइलफॉस्फिन उणे ५ पीपीएमच्या (इथे पीपीएम म्हणजे पट्टीवरची पीकची जागा) आसपास, त्याचं ऑक्साइड २९ च्या जवळ, सल्फाइड ४३ ला. तिघे इतके लांब लांब की गोंधळ व्हायला जागाच नाही. आजच्या स्पेक्ट्रममध्ये उणे ५ गायब, ४३ ला उंच काठी, आणि २९ ला एक बारीक टेकाड. ते टेकाड रिअॅक्शनने केलेलं नाही, बाटलीतल्या फॉस्फिनमध्येच होतं, नुसत्या फॉस्फिनचा स्पेक्ट्रम काढून खात्री केली.

११ जून

पीकच्या क्षेत्रफळावरून टक्केवारी काढायचा मोह होतो पण थांबायला पाहिजे. हे सल्फाइड आणि ऑक्साइड रेडिओ पल्सनंतर सावकाश निवांत होतात, म्हणजे पुढची पल्स लवकर मारली तर त्यांचं पीक खरं आहे त्यापेक्षा बुटकं दिसतं, शिवाय प्रोटॉन डीकपलिंग (हायड्रोजनचा प्रभाव मिटवणारी लहर) सतत चालू असेल तर कुणाचं पीक किती फुगेल ते वेगवेगळं. टक्केवारी हवी असेल तर डीकपलर फक्त सिग्नल घेताना चालू ठेवायचा आणि दोन पल्समध्ये भरपूर वेळ द्यायचा. मशीनच्या रांगेत मागे उभे असलेले वैतागतात, त्याला इलाज नाही.

आता खरी डोकेदुखी. एनएमआरमध्ये सगळं छान, पण टीएलसी (सिलिकाच्या पट्टीवर पदार्थ वेगळे करायची चाचणी) केली तर हेक्सेनमध्ये सगळ्यात पुढे पळालेला एक काळा स्पॉट यूव्हीखाली दिसतो. गंधक! प्रोटॉन एनएमआरला दिसत नाही कारण त्यात हायड्रोजन नाही, फॉस्फरसला दिसत नाही कारण फॉस्फरस नाही, पण असतं मात्र नक्की. त्यामुळे "एनएमआर स्वच्छ आहे" म्हणून बाटलीला लेबल लावणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

इथे फॉस्फिन स्वस्त आहे म्हणून उपाय सोपा, गंधक एक इक्विव्हॅलंटपेक्षा किंचित कमी घ्यायचं. महागड्या फॉस्फिनला हे परवडत नाही, तिथे उलटं करावं लागतं, गंधक थोडं जास्त आणि नंतर सफाई. गरम इथेनॉलमधून क्रिस्टल काढले की काम होतं, गंधकाला इथेनॉल आवडत नाही, ते गाळणीवर बसतं, सल्फाइड गाळलेल्या द्रावणात उतरून थंड झाल्यावर पांढऱ्या सुयांसारखं बाहेर येतं. मेल्टिंग पॉइंट १६१ ते १६३ असायला हवा, आला.

१७ जून

वेगवेगळी फॉस्फिन लावून बघायचा आठवडा. निरीक्षणं कागदावरच्या अंदाजाला धरूनच. अल्किल गटवाली फॉस्फिन गंधकावर तुटून पडतात, फ्लास्क हाताला गरम लागतो, म्हणून गंधक थोडं थोडं करून घालायचं आणि खाली बर्फ तयार ठेवायचा. अराइलवाली, म्हणजे बेंझिन रिंगवाली, शांत. ऑर्थो जागेला मिथाइल असलेलं ट्रायटॉलिल आणखी आळशी, कारण फॉस्फरसच्या तोंडासमोर गर्दी. आणि पेंटाफ्लुओरोफिनाइलवालं जवळजवळ ढिम्म, फ्लुओरिनने इलेक्ट्रॉन इतके खेचून घेतलेत की जोडी द्यायला उरतच नाही.

अल्किलवाल्यांचं दुसरं दुखणं म्हणजे हवा. सल्फरची वाट बघत असताना तो फॉस्फरस ऑक्सिजनलाही हात देतो, आणि एकदा ऑक्साइड झालं की ते साध्या गंधकाला ऐकत नाही. आर्गॉनखाली केलं, सॉल्व्हंटमधून आधी आर्गॉन बुडबुडे सोडले. उलट सल्फाइड झाल्यावर तीच वस्तू हवेत उघडी ठेवली तरी बिनधास्त. म्हणूनच फॉस्फिनला सांभाळून ठेवायला सल्फाइड करून ठेवतात, लागेल तेव्हा रॅनी निकेल किंवा हेक्साक्लोरोडायसिलेनने सल्फर काढून घेतात. बोरेन जोडून झाकून ठेवायचा मार्ग जास्त लोकप्रिय आहे, पण सल्फाइड रूप कॉलमवर (सिलिका भरलेल्या नळीतून सफाई करताना) जास्त टिकाऊ वाटलं मला.

बाजूच्या बाकावरच्या मुलीने सेलेनियम घालून तेच केलं, तिची गंमत वेगळीच. सेलेनियम ७७ हा आयसोटोप नैसर्गिक सेलेनियममध्ये साडेसात टक्क्यांच्या आसपास, तोही स्पिन अर्धा, म्हणून मुख्य पीकच्या दोन्ही बाजूंना छोटे उपग्रह दिसतात, आणि त्यांच्यातलं अंतर बघून फॉस्फिन इलेक्ट्रॉन द्यायला किती उदार आहे ते ठरवता येतं. ट्रायफिनाइलसाठी ते साधारण ७३० हर्ट्झ. सल्फरमध्ये ही सोय नाही.

२४ जून

दुसरी वाट, ऑक्सिजन काढून सल्फर. रिएजंट लॉसनचं. हे आधी १९५६ च्या सुमारास बनवलेलं होतं, पण १९७८ पासून स्वेन-ओलोव्ह लॉसन यांच्या गटाने कार्बोनिलवर (सी=ओ) इतकं वापरून दाखवलं की नाव त्यांचं झालं. बनतं अॅनिसोल आणि पी४एस१० तापवून, मध्ये फॉस्फरस-सल्फर-फॉस्फरस-सल्फर असं चौकोनी रिंग. गरम झालं की रिंग दोन तुकड्यांत उघडतं आणि तो तुकडा खरा काम करतो, कार्बोनिलला विटिग नावाच्या रिअॅक्शनसारख्या चौकोनातून धरून ऑक्सिजन घेतो, सल्फर देतो.

अमाइडवर हे पाण्यासारखं चालतं. मी ट्रायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइडवर लावलं, टॉल्युइन उकळत ठेवून, आणि गती एकदम बैलगाडीची. कारण विचार केला की लगेच कळतं. अमाइडमध्ये कार्बन ऑक्सिजन सोडतो आणि फॉस्फरस तो घेतो, फॉस्फरसला ऑक्सिजनची भारी ओढ, म्हणून सौदा एका बाजूला झुकलेला. इथे दोन्हीकडे फॉस्फरसच! एकाने ऑक्सिजन सोडायचा, दुसऱ्याने घ्यायचा, कुणालाच मोठा फायदा नाही. रिअॅक्शन पुढे जाते ती लॉसनचा वापरलेला तुकडा स्वतःशीच जोडला जाऊन बाजूला होतो म्हणून.

तापमान वाढवून ढकलायचं म्हटलं तर ११० च्या वर हे रिएजंट स्वतःच विस्कटायला लागतं.

वासाबद्दल एकच लिहितो. लॉसन आणि पी४एस१० दोन्ही ओलाव्याने हायड्रोजन सल्फाइड सोडतात, आणि हा वास कमी झाला म्हणजे गॅस गेला असं नसतं, साधारण १०० पीपीएमला नाकच बधिर होतं. फ्युम हूडच्या बाहेर बाटली उघडायची नाही, निघणारा गॅस ब्लीचच्या बाटलीतून न्यायचा, आणि त्या बाटलीजवळ अॅसिड फिरकता कामा नये, नाहीतर क्लोरिन.

२६ जून

कॉलम. अरे देवा. लॉसनचे उरलेसुरले तुकडे सिलिकावर एका ठिकाणी उतरत नाहीत, वरपासून खालपर्यंत ओघळतात, प्रत्येक ट्यूबमध्ये थोडं थोडं. सल्फाइड वर पळतं आणि ऑक्साइड खाली बसतं, तेवढं वेगळं करणं अवघड नाही, पण मधला हा चिखल दोघांनाही लागतो. नळीतून पिवळसर धार येतीये, पाच मिनिटं वाटतं संपली, परत येतीये. शेवटी पदार्थ मिळाला, पण त्यासाठी जेवढं सॉल्व्हंट ओतलं तेवढ्यात पहिल्या वाटेने दहापट माल झाला असता.

मॅडमना स्पेक्ट्रम दाखवला तर त्या म्हणाल्या, "बॉन्ड झाला याचं कौतुक करू नकोस, पी-एस बॉन्ड व्हायलाच बसलेला असतो, तू बाकीचं घर कसं आवरलंस ते लिही." त्यांचं बरोबर आहे, आणि रिपोर्टही याच अंगाने लिहायचा असं तिथेच ठरलं. कुठल्या पद्धतीत किती यील्ड याचा तक्ता कोणीही करेल, मागे काय राहतं आणि ते कसं काढायचं याचा तक्ता कुठे सापडत नाही.

२ जुलै

लॉसनऐवजी मूळ माल, पी४एस१०. रचना पी४ओ१० सारखीच पिंजऱ्याची, अॅडमँटेनच्या धर्तीची. एकटं वापरलं तर ढेकळं होतात, विरघळत नाही, अर्धं वाया. यावर दोन तोडगे वाचले होते. एक, २००२ च्या सुमारास आलेला, हेक्सामिथाइलडायसिलॉक्सेन सोबत टाकायचं, म्हणजे फॉस्फरसने घेतलेला ऑक्सिजन सिलिल एस्टर होऊन अडकतो आणि शेवटी पाण्याने फोडून धुता येतो. दुसरा, पिरिडिनमध्ये पी४एस१० उकळून त्याचं क्रिस्टलसारखं कॉम्प्लेक्स आधी वेगळं करून ठेवायचं, हे २०११ मधलं, वास लॉसनपेक्षा कमी आणि उरलेलं पाण्यात जातं.

सिलॉक्सेनवाला प्रयोग केला आणि जीव भांड्यात पडला. रिअॅक्शन लॉसनपेक्षा वेगाने झाली असं म्हणणार नाही, पण वर्कअपला कार्बोनेटचं पाणी घालून हलवलं, थर वेगळे झाले, आणि ऑरगॅनिक थरात जवळजवळ एकटं सल्फाइड. सिलिकाची छोटी गादी पुरली. ज्या ऑक्साइडला आधी फॉस्फिनमध्ये परत आणणं जमत नाही त्याच्यासाठी हा मार्ग नक्की ठेवायचा. जिथे ट्रायक्लोरोसिलेनने ऑक्साइडचं फॉस्फिन सुखाने होतं तिथे आधी ते करून मग गंधक घालणं मला जास्त स्वच्छ वाटतं, पायऱ्या दोन असल्या तरी.

९ जुलै

फॉस्फिन बाजूला, आता डीएनए. इथे गंमत अशी की केमिस्ट्री तीच, पण मागणी एकदम वेगळी.

डीएनएच्या कण्यातल्या फॉस्फेटमध्ये जो ऑक्सिजन साखळीत नाही, नुसता लोंबकळतोय, त्याच्या जागी सल्फर बसवला की फॉस्फोरोथायोएट. फ्रिट्झ एकस्टाइन यांनी १९६० च्या दशकात असे न्यूक्लिओटाइड बनवायला सुरुवात केली. पेशीतले न्यूक्लिएज (डीएनए तोडणारी एन्झाइम) हे बॉन्ड सावकाश तोडतात, शिवाय रक्तातल्या प्रोटीनना हे जास्त चिकटतात म्हणून मूत्रपिंडातून लगेच निघून जात नाहीत. यावर उभं राहिलेलं पहिलं अँटिसेन्स (जनुकाच्या आरएनए संदेशाला चिकटणारं) औषध फोमिव्हिर्सेन, १९९८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मंजूर केलं, २१ अक्षरांची साखळी, डोळ्यात इंजेक्शन. नंतर २०१६ मध्ये नुसिनर्सेन, १८ अक्षरं, स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफीसाठी.

हिशोब करून बघितला. १८ अक्षरांमध्ये १७ जोड. प्रत्येक जोडावर सल्फर बसायची खात्री ९९ टक्के असली तर सगळे १७ बरोबर असलेले रेणू फक्त ८४ टक्के. ९९.७ केलं तर ९५. म्हणजे फ्लास्कमध्ये ज्याला आपण झकास रिअॅक्शन म्हणतो ती इथे नापास. आणि इथे मध्ये क्रिस्टल काढून सफाई करायची सोयच नाही, साखळी मशीनमध्ये एकेक अक्षर जोडत बनते आणि तोवर एका बारीक मण्याला चिकटलेली असते, चूक झालेली आत राहते ती शेवटपर्यंत.

१६ जुलै

सुरुवातीला लोकांनी इथेही साधं गंधकच वापरलं, कार्बन डायसल्फाइड आणि पिरिडिनमध्ये विरघळवून. मशीनमध्ये बारीक नळ्या, सॉल्व्हंट बदलला की गंधक तिथल्या तिथे बाहेर पडून नळी तुंबणार. शिवाय कार्बन डायसल्फाइडचा फ्लॅश पॉइंट उणे ३० डिग्री, त्याची वाफ साध्या तापलेल्या पृष्ठभागावरही पेटू शकते. म्हणून ऑरगॅनिक सॉल्व्हंटमध्ये सहज विरघळणारे सल्फर-दाते शोधणं सुरू झालं.

एकेकाची कुंडली काढली. टेट्राइथाइलथायुरॅम डायसल्फाइड, म्हणजे दारू सोडवायला देतात ते डायसल्फिरॅमच, स्वस्त पण मंद. १९९० मधलं बोकाज रिएजंट, रिंगमध्ये सल्फर-सल्फर बॉन्ड आणि शेजारी दोन ऑक्सिजन, अॅसिटोनायट्राइलमध्ये ०.०५ मोलर पुरतं आणि एका मिनिटाच्या आत काम. झँथेन हायड्राइड आणि त्याच्यापासून बनवलेलं डीडीटीटी, पिरिडिनमध्ये. आणि फिनाइलअॅसिटाइल डायसल्फाइड, ज्याला सगळे पॅड्स म्हणतात, किलोच्या हिशोबात औषध बनवणाऱ्यांचं लाडकं कारण स्वस्त.

बोकाजमध्ये दोन खोड्या आहेत. साध्या काचेच्या बाटलीत द्रावण ठेवलं की काही काळाने खाली साका बसतो, म्हणून सिलेन लावलेली बाटली लागते. दुसरी जास्त खोडकर, सल्फर देऊन झाल्यावर रिएजंटचा जो तुकडा उरतो तो स्वतः ऑक्सिडायझर आहे! म्हणजे अजून सल्फर न मिळालेल्या फॉस्फाइटला (तीन बॉन्डवाल्या फॉस्फरसच्या जोडाला) तो ऑक्सिजन देऊन मोकळा होतो, आणि आपल्याला नको असलेला साधा फॉस्फेट जोड तयार.

२१ जुलै

मॉडेल म्हणून थायमिडिनचा डायमर, म्हणजे दोनच अक्षरांची साखळी, घेतला, टी-टी. थायमिनला वेगळं प्रोटेक्शन लागत नाही म्हणून सगळ्यात कमी कटकट. क्रम असा, अॅसिडने ट्रायटिल (साखळीचं टोक झाकणारा गट) काढायचं, तेव्हा जो केशरी रंग धावतो तो ४९८ नॅनोमीटरला मोजून आधीची पायरी किती झाली ते कळतं, मग फॉस्फोरअॅमिडाइट, म्हणजे फॉस्फरससकट तयार केलेलं पुढचं अक्षर, जोडायचं, फॉस्फरस अजून तीन बॉन्डवाला, १४० पीपीएमच्या आसपासचा फॉस्फाइट, आणि त्याला सल्फर.

साध्या डीएनएच्या सायकलमध्ये आधी कॅपिंग (न जोडली गेलेली टोकं बंद करणं) मग ऑक्सिडेशन असतं. इथे क्रम उलटा, आधी सल्फर मग कॅपिंग, कारण कॅपिंगच्या मिश्रणातून फॉस्फाइटला थोडाफार ऑक्सिजन मिळू शकतो आणि तो एकदा बसला की गेला. छापील प्रोटोकॉलमध्ये ही ओळ बारीक अक्षरात असते, माझ्या मते ती सगळ्यात वर मोठ्या अक्षरात पाहिजे.

सल्फर बसल्यावर ट्रायएस्टरचा पीक ६८ च्या आसपास, अमोनियाने सायनोइथाइल गट काढून मण्यावरून सोडवलं की डायएस्टर, ५५-५६ पीपीएम. साधा फॉस्फेट असेल तर तो शून्याजवळ. पन्नास पीपीएमचं अंतर, म्हणजे भेसळ लपूच शकत नाही.

२३ जुलै

बोकाजच्या डायमरचा स्पेक्ट्रम आला. ५५ च्या वर एक पीक नाही, दोन, एकमेकांना खेटून. ज्युनिअर म्हणाला अशुद्धी आहे. नाही रे बाबा, फॉस्फरसवर आता चार वेगळे गट आहेत, तो स्वतः कायरल झाला, म्हणजे त्याची डावी-उजवी अशी दोन रूपं होतात, म्हणून आरपी आणि एसपी असे दोन डायस्टेरिओमर. एचपीएलसीला (दाबाखाली द्रव ढकलून पदार्थ वेगळे करणारं मशीन) सी१८ कॉलमवर दोघे वेगळे उतरतात, आरपी आधी. खात्री करायची तर एन्झाइम लावायचं, सापाच्या विषातलं फॉस्फोडायएस्टरेज आरपी तोडतं, न्यूक्लिएज पी१ एसपी तोडतं. दोन्ही लावले, एकात पहिला पीक गेला, दुसऱ्यात दुसरा. बघायला फार समाधान वाटतं हे.

मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूचं वजन मोजणाऱ्या मशीनवर, ऋण मोडमध्ये ५६१, बरोबर. आणि ५४५ ला एक छोटासा, म्हणजे १६ कमी, सल्फरच्या जागी ऑक्सिजन असलेला. एनएमआरमध्ये शून्याजवळ जेमतेम उठाव. तो बोकाजचा उरलेला तुकडा हेच करत असणार, कारण डीडीटीटीने बनवलेल्या डायमरमध्ये तो जवळपास दिसत नाही आणि बाकी सगळं सारखंच ठेवलं होतं.

३० जुलै

पॅड्स. हा प्राणी ताजा असताना आळशी आणि शिळा झाल्यावर कामसू, रसायनांमध्ये असं क्वचित बघायला मिळतं. ०.२ मोलर, पिकोलिन आणि अॅसिटोनायट्राइल निम्मे निम्मे. पिकोलिनचा वास हातमोज्यातून, कोटातून, वहीतून सगळीकडून येतो. ताजं द्रावण आणि एक दिवसापेक्षा जास्त ठेवलेलं, दोन्ही एकाच दिवशी लावले. मुरलेल्यात पिवळेपणा वाढलेला होता आणि ५४५ चा पीक स्पष्टपणे लहान.

कारण असं की बेस, म्हणजे पिकोलिन, पॅड्समधल्या कार्बोनिलशेजारच्या हायड्रोजनला हात घालतो, रेणू फुटून कीटीन निघतं आणि मागे सल्फरच्या लांब साखळ्या, पॉलिसल्फाइड, तयार होतात. फॉस्फाइटला खरा सल्फर देतात त्या या साखळ्या. म्हणजे फिरून बार्टलेटच्या एस८ च्या गोष्टीवरच आलो, सल्फरची साखळी आधी उघडी करून ठेवा, मग फॉस्फरसला तोडून घ्यायला वेळ लागत नाही. पण फार मुरवलं तरी बिघडतं, म्हणून रिपोर्टमध्ये बनवल्याची तारीख आणि वेळ बाटलीवर लिहायचीच असं ठळक टाकतोय.

६ ऑगस्ट

ग्रुप मीटिंगमध्ये हाताचा, म्हणजे डाव्या-उजव्या रूपांचा, प्रश्न निघाला. १७ जोड, प्रत्येकी दोन शक्यता, म्हणजे दोनचा सतरावा घात, १,३१,०७२. नुसिनर्सेनच्या एका बाटलीत एवढे भाऊ-बहीण एकत्र नांदतात आणि औषध तरी चालतं. पण कुणाला एकच हवा असेल तर फॉस्फोरअॅमिडाइटच्या मार्गात कपलिंगच्या वेळीच हात ठरवावा लागतो, नुसता सल्फर रिएजंट बदलून तो मिळत नाही, कारण सल्फर बसताना फॉस्फरसची जी मांडणी आहे तीच राहते.

फिल बॅरन यांच्या गटाने २०१८ मध्ये वेगळीच दिशा धरली. लिमोनीनपासून, म्हणजे संत्र्याच्या सालीतलं तेल, त्याच्यापासून एक रिएजंट बनवलं, ज्यात फॉस्फरस आधीपासूनच पाच बॉन्डवाला आणि सल्फर आधीच बसलेला. डावा किंवा उजवा लिमोनीन घ्या, तसा हात मिळतो. नाव पीएसआय, लिहितात ग्रीक साय अक्षराने. मला यात आवडलं ते हे की सल्फर बसवायची पायरीच काढून टाकली, म्हणजे तीन बॉन्डवाला फॉस्फरस उघड्यावर सापडतच नाही आणि ऑक्सिजन चोरून बसायचा प्रश्न मिटतो. आम्ही हे करणार नाही, बजेट नाही आणि वेळही नाही, पण चर्चेत एक परिच्छेद जाणार.

१२ ऑगस्ट

तक्ता भरून झाला, मॅडमनी दोन रकाने वाढवायला लावले. फॉस्फिनसाठी पहिली पसंती साधं गंधक, किंचित कमी घेऊन, आर्गॉनखाली. ऑक्साइडच हातात असेल आणि रिडक्शन चालत नसेल तर पी४एस१० सिलॉक्सेनसोबत, लॉसन फक्त मिलिग्रॅमच्या कामाला. डायमरसाठी डीडीटीटी, मोठ्या साखळीला खर्च बघून मुरलेलं पॅड्स. बोकाजला मी खाली टाकलं, मॅडमचं म्हणणं छोट्या साखळीला वेग बघता ते वाईट नाही, तर त्यांचं मत वेगळं म्हणून तळटीप.

सल्फरवाला कचरा वेगळ्या कॅनमध्ये, अॅसिडच्या कॅनपासून लांब, लॉसनचा चिखल ब्लीचमध्ये हळूहळू मुरवून मगच. एनएमआरची मूळ फाइल्स सर्व्हरवर टाकल्या. झँथेन हायड्राइड थेट वापरून तोच डायमर करायचा राहिलाय, बाटली उद्या येणार म्हणतात, आली की त्याच कॉलमवर, त्याच ग्रेडियंटने चालवायचा आणि ५४५ चा पीक डीडीटीटीच्या शेजारी लावून बघायचा.